दादाचं नाक आणि टेक्सासची पत्री

डॅलसच्या विमानतळावर दादा मला आधी ऐकू आला आणि मग दिसला. सामानाच्या पट्ट्यापलीकडून एकापाठोपाठ एक अकरा शिंका आल्या. मोजायची सवय लहानपणची. सांगलीच्या घरी दादा शिंकायला लागला की आई आतून मोठ्यानं मोजायची. सम आकड्यावर थांबला तर "चला, शुभ" म्हणायची, आणि विषमावर थांबला तर त्याला आणखी एक शिंकायला लावायची. अकरानंतर मी वाट पाहिली. बारावी आलीच नाही.

"कुंदे!" रुमालाआडून हाक आली. "लांब उभी राहा. ही सर्दी नाही, पण लोक बघायला लागतात."

माझा हा मोठा भाऊ शहात्तर वर्षांचा आहे. हाडांचा डॉक्टर. तरुणपणी अमेरिकेत आला, टेक्सासच्या लोकांचे गुडघे आणि खुबे दुरुस्त करत राहिला आणि आता निवृत्त होऊन डॅलसजवळ प्लेनोत राहतो. मी सांगलीत फार्मसी कॉलेजात वनस्पतींमधली औषधी द्रव्यं शिकवत असे. चार वर्षांपूर्वी मीही निवृत्त झाले. मी जे शिकवलं त्याला दादा 'पालापाचोळा' म्हणतो. "तुझ्या पाल्याला गुण असता कुंदे, तर शेळ्या कधी आजारी पडल्या नसत्या," हे त्याचं वाक्य मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना प्रथम ऐकलं. तेव्हापासून दर भेटीत ऐकते. ह्या वेळी मात्र शिंकांमुळे त्याला ते म्हणायला गाडीपर्यंत जावं लागलं.

गाडी वहिनी चालवत होत्या. हायवेवर सहा-सहा पदरांतून ट्रक धावत होते आणि वहिनी मात्र एका हातानं स्टिअरिंग धरून मागे वळून माझ्याशी बोलत होत्या.

"बरं झालं वन्सं, तुम्ही आलात. यांची पूजा जायच्या बेतात आहे."

झालं होतं असं. प्लेनोतलं मराठी मंडळ दर वर्षी एक हॉल भाड्यानं घेऊन गणपती बसवतं आणि तीस वर्षं त्याची पूजा दादा सांगतो. वडिलांकडून शिकलेले मंत्र, स्वच्छ उच्चार, मोठा आवाज. पण मूर्ती बसते ऐन सप्टेंबरात, आणि सप्टेंबरात टेक्सासच्या हवेत रॅगवीड नावाच्या रानटी झाडाचे परागकण उडतात. ते दादाच्या नाकाला चालत नाहीत. दोन वर्षांपूर्वी तो शिंकांची गोळी घेऊन पूजेला बसला, तर अथर्वशीर्ष चालू असताना त्याला डुलकी लागली. मागच्या वर्षी गोळी घेतली नाही, तर प्रत्येक मंत्राआड शिंक. म्हणून यंदा मंडळाच्या नव्या कमिटीनं ठरवलं होतं की फोनवर पूजेचं ॲप तयार ठेवायचं. काकांना पूजा सांगू द्यायची, पण तीन शिंका झाल्या की ॲप सुरू करायचं आणि पुढच्या वर्षीपासून ॲपच वापरायचं.

"तीन शिंका म्हणजे बाद," दादा म्हणाला. "पूजा आहे की बेसबॉल?"

तो हसत म्हणाला, पण नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. एवढी हाडं जोडलेल्या माणसाला आता कुणी कशासाठी बोलावत नाही, वर्षातून एकदा ह्या पूजेसाठी बोलावतात, हे मला त्या पाठमोऱ्या मानेकडे बघून कळलं. मी त्याच क्षणी जाहीर केलं, "दादा, तुझं नाक माझ्याकडे लागलं." वहिनींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास नव्हता, हे मला आठवतंय.

प्लेनो, पहिला आठवडा

प्लेनोत घरं एवढी मोठी की दादाच्या घरात मी दोनदा चुकले. घरापुढे हिरवळ, शेजाऱ्याच्या घरापुढे हिरवळ, रस्ताभर हिरवळ. पहिल्या सकाळी चप्पल घालून बाहेर आले, खाली वाकले आणि किंचाळलेच. सगळ्या दूर्वा होत्या! आपली तीच दूर्वा, तीन पात्यांची. इकडे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. आपण चतुर्थीला एकवीस काड्या मिळवताना बागेत गुडघे टेकतो, आणि इथे अख्खं गाव तिच्यावर यंत्र फिरवतं. शिवाय तीच दूर्वा इंडियन दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवलेली असते.

हिरवळीत एखादं पिवळं डँडेलियन उगवलं, की शेजारचे गोरे आजोबा औषधाचा पंप घेऊन धावत येतात. कुणी हयगय केली तर सोसायटीचं पत्र येतं. ह्याच डँडेलियनच्या मुळ्या भाजून इथली मंडळी दुकानातून चहा म्हणून आणतात. मी आजोबांना ते समजावायला गेले. ते म्हणाले, "मॅडम, दुकानातली रोपं माझ्या लॉनवर उगवत नाहीत." आणि त्यांनी पुढच्या फुलावर पंप मारला.

आता जरा शिकवते, सवय आहे. डँडेलियन, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, दवणा, माका हे सगळं एकच घराणं. ज्याला आपण एक फूल म्हणतो ती ह्या घराण्यात शेकडो बारक्या फुलांची पंगत असते. घराण्याचा स्वभाव कडू. त्या कडूपणाला सेस्क्विटर्पीन लॅक्टोन असं नाव आहे. तोंडी परीक्षेत हे नाव न अडखळता म्हणणाऱ्याला मी एक मार्क जास्त द्यायची. ह्या द्रव्यांपैकी काही जंतूंना आवरतात, काही सूज उतरवतात, आणि काही नुसती अंगाला लागली तरी खाज आणतात. आपल्याकडचं गाजर गवत ह्यातलंच. ते मुळात अमेरिकेकडचं, आपल्याकडे आलं आणि गेलंच नाही. आमच्या दादाचं बरोबर उलटं झालं.

तर, नाक. वहिनींच्या कपाटात कॅमोमाइलच्या चहाची डबी सापडली. छोटी पांढरी फुलं, सौम्य, झोप आणणारी, सूज उतरवणारी. मी दोन पुड्या एका कपात घातल्या, मध घातला आणि संध्याकाळी दादापुढे ठेवला.

"हे काय?"

"पालापाचोळा. पी गुपचूप."

तो प्यायला. पंधरा मिनिटांत त्याचे डोळे लाल झाले, टाळूला खाज सुटली आणि ज्या शिंका सुरू झाल्या त्या मोजायला मला बोटं कमी पडली. वहिनींनी शांतपणे त्याला गोळी दिली, कप धुतला आणि विचारलं, "वन्सं, औषध दिलंत की कशाचा सूड घेतलात?"

मी खोलीत जाऊन डोक्याला हात लावून बसले. कॅमोमाइल शेवंतीच्या घराण्यातलं, रॅगवीडही त्याच घराण्यातलं. एकाचं वावडं असलं तर दुसऱ्याचंही असू शकतं. शरीर परागातल्या प्रथिनाचा चेहरा लक्षात ठेवतं, आणि चोर सापडला नाही तर त्याच्या चुलतभावाला बडवतं. हा प्रश्न मी परीक्षेत किमान दहा वेळा घातला असेल. स्वतः नापास झाले.

दुसऱ्या दिवसापासून नाक वहिनींच्या ताब्यात गेलं. ज्या स्प्रेला दादा वर्षानुवर्षं "नाकात पिचकारी नको" म्हणून नाकारत होता, तो त्यांनी रोज सकाळी स्वतः उभं राहून मारायला लावला. खिडक्या बंद, बाहेरून आलं की अंघोळ. आठ दिवसांत शिंका थांबल्या. मला आनंद झाला, पण खरं सांगायचं तर थोडा कमीच झाला.

मिस डोनाचं रान

नाक गेलं तर पत्री तरी माझी, असं मी ठरवलं. गणपतीला एकवीस प्रकारची पानं लागतात. प्लेनोत दर वर्षी काय करायचे, तर अंगणातल्या डाळिंबाची एकवीस पानं तोडायची आणि दादानं प्रत्येकाला वेगळं नाव घेऊन वाहायचं. मी म्हटलं, यंदा खरी पत्री होईल.

कमिटीचा अध्यक्ष मयूर मला घेऊन जायला तयार झाला. हा नागपूरचा, पस्तिशीचा, इकडे मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. ॲपची कल्पना ह्याचीच. मी त्याच्याशी फटकून वागायचं ठरवलं होतं, पण त्यानं गाडीत संत्र्याची बर्फी काढली.

"मावशी, काकांना हर्ट करायचं नव्हतं हो मला," तो म्हणाला. "पण लास्ट इयर लहान पोरं काउंट करत होती यार. लोक हसत होते. मलाच कसंतरी झालं."

म्हणजे त्यालाही दादाची लाजच राखायची होती. मी आणखी एक बर्फी घेतली.

तासभर उत्तरेला त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मावशीचं रान होतं. तिला सगळे मिस डोना म्हणतात. ऐंशीच्या आसपासची, उन्हानं रापलेली, पायात बूट, डोक्यावर पुरुषी हॅट. मी तिला सांगितलं की आमच्या हत्तीचं तोंड असलेल्या देवाला एकवीस झाडांची पानं वाहायची आहेत. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "फुलं नव्हे, पानं? हत्तीच तो. बरोबर आहे." इतक्या लवकर हा मुद्दा कुणाला पटलेला मी पाहिला नाही.

मग आम्ही फिरलो. शमीच्या जागी तिची सख्खी चुलत बहीण मेस्कीट मिळाली, तसेच काटे. धोत्रा ओढ्याकाठी होता. देवदार म्हणून इथे ज्याला सीडर म्हणतात त्याची डहाळी घेतली. आणि गुरांच्या तळ्याच्या चिखलात मला माका दिसला. पांढरी बटणासारखी फुलं, खरखरीत पानं. खात्रीसाठी मी देठ मोडून बोटावर चोळला आणि वाट पाहिली. हिरवा रस हळूहळू काळा पडला. हवा लागली की माक्याचा रस काळा होतो. म्हणून तर आपले लोक तो केसांच्या तेलात घालतात. परक्या मुलखात काळं झालेलं ते बोट मी मयूरच्या नाकापुढे धरलं आणि माझे डोळे भरून आले. "वॉव," तो म्हणाला, आणि स्वतःच्या विरळ होत चाललेल्या भांगावरून हात फिरवत त्यानं हळूच विचारलं, "मावशी, हे खरंच काम करतं का?"

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. मग मिस डोनानं तिच्या बागेतली कोनफ्लॉवरची मुळी उपटली. जांभळ्या पाकळ्या खाली वाकलेलं, मध्ये काटेरी घुमट असलेलं हे फूलही शेवंतीच्याच घराण्यातलं. तिची आजी दातदुखीला ही मुळी चघळायला द्यायची. मी म्हटलं, अगदी आमच्या अक्कलकाऱ्यासारखं! दोघांतही जीभ बधिर करणारी अल्किलअमाइडं असतात. पुस्तकात शिकवलेलं तोंडात घालायची संधी कोण सोडेल? मिस डोना म्हणाली, नखाएवढा तुकडा. मी बोटाएवढा घेतला.

आधी गुदगुल्या झाल्या, मग तोंडाला पाणी सुटलं, मग जीभ आहे की नाही हे कळेना. पदर तोंडाला लावून मी बसून राहिले. मिस डोनानं थंडगार गोड चहा आणि भेंडीचं लोणचं पुढे ठेवलं. अख्खी भेंडी, व्हिनेगरमध्ये मुरवलेली. मी चार भेंड्या खाल्ल्या आणि बोबड्या आवाजात "फार छान" म्हटलं. चव कशी होती हे मला आजही माहीत नाही.

निरोप घेऊन निघालो. घरची, दुकानातली आणि इथली धरून एकवीसपैकी वीस पानं झाली होती, फक्त मरव्याची जागा रिकामी होती. फाटकाबाहेर रस्त्याकडेच्या चरात मला हवं तेच दिसलं. कातरलेली नाजूक पानं, थेट दवण्यासारखी. चुरडून पाहिली तर उग्र हिरवट वास, आणि शेंड्याला चक्क तुळशीसारख्या मंजिऱ्या.

"मावशी, झाडं ओळखायचं ॲप आहे, त्यानं स्कॅन करू का? दोन सेकंदांत नाव येतं," मयूर म्हणाला.

"चाळीस वर्षं शिकवलंय मी," मी बोबडं बोलले. "मला ॲप नको."

माझी पद्धत ठरलेली. पाहायचं, चुरडायचं, हुंगायचं आणि शेवटी पानाचा कण दातांखाली धरायचा. विद्यार्थ्यांना मी हे कधीच करू दिलं नाही. स्वतः मात्र करत आले. कण चावला. काही कडू लागलं नाही. मुळात काही लागलंच नाही. मी निर्णय दिला की ही दवण्याची टेक्सासी बहीण, सौम्य जातीची, मरव्याच्या जागी चालेल. आणि देवाला मंजिरी प्रिय, म्हणून चांगल्या भरघोस मंजिऱ्या असलेल्या डहाळ्या निवडून ओंजळभर घेतल्या. ओल्या कापडात गुंडाळून एकेका पानाला चिठ्ठी लावली.

हॉल

पूजेच्या सकाळी दादा पितांबर नेसून पाटावर बसला तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होता. नाक स्वच्छ, आवाज खणखणीत. यजमान म्हणून मयूर बसला होता आणि त्याच्या उजव्या हाताला फोन, स्पीकरला जोडलेला. समोर परकर-पोलक्यातल्या मुली, कुडत्यातले मुलगे, मागे तीनेकशे मंडळी. आवाहन झालं, स्नान झालं, वस्त्र झालं. एक शिंक नाही. वहिनींनी माझा हात दाबला.

पत्री आली. दादा नाव घ्यायचा, मयूर पान शोधून हातात घेईपर्यंत थांबायचा, मग "समर्पयामि" म्हणायचा. माक्याचं पान आलं, तेव्हा दादानं ते खरं आहे हे ओळखलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा.

मग मरव्याची पाळी आली. मयूरला काय भक्ती सुचली कोण जाणे, त्यानं ती मंजिऱ्यांची जुडी मूर्तीवरून चवरीसारखी ढाळली. वरच्या खिडकीतून आलेल्या उन्हात एक बारीक पिवळा धुरळा उठला आणि सावकाश दादाच्या चेहऱ्यावर उतरला.

पहिली शिंक आली. "ब्लेस यू!" समोरची सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

दुसरी. "ब्लेस यू!"

तिसरी. ह्या वेळी पोरांनीही नुसतं एकमेकांकडे पाहिलं. मयूरचा चेहरा उतरला, पण ठरलं होतं ते ठरलं होतं. त्यानं फोन हातात घेतला. दादा रुमालात तोंड लपवून पाटावरून थोडा मागे सरकला, आणि मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

ॲपचा आवाज गोड होता, मागे बासरी होती. पण ॲपला काय ठाऊक की मयूरला कण्हेर कुठली आणि अर्जुन कुठला हे कळत नाही? तो एक पान शोधतोय तोवर ॲपनं पुढची तीन वाहून टाकली. "अरे थांब ना बे!" मयूर फोनवर ओरडला. फोन थांबला नाही. हॉलमध्ये हशा पिकला.

मी मात्र उठून त्या जुडीतलं एक पान उचललं आणि चावलं. आज जीभ शाबूत होती. कडूजहर! गाजर गवताची सख्खी बहीण. ज्याच्या परागाचा काटेरी चेंडू मी वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना दाखवला, ते झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा मंजिरी समजून देवापुढे आणलं होतं.

"थांबा," मी मोठ्यानं म्हटलं. "दादाच्या नाकाचा दोष नाही. हे रॅगवीड आहे. मीच आणलंय."

मयूरनं फोन त्या पानावर धरला. झाडं ओळखायच्या ॲपनं दोन सेकंदांत नाव सांगितलं. रॅगवीडच. त्या एका सकाळी मला फोनचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही.

नाकाला पदर लावून मी ती जुडी बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. परत आले तेव्हा बासरी बंद होती. समोरची एक सहा वर्षांची चिमुरडी उभी राहून मयूरला म्हणत होती, "कॅन काका डू इट? ही वेट्स फॉर अस."

मयूरनं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि तो सरळ खिशात घातला. "काका, तुम्हीच सांगा. शिंका येऊ द्या," तो म्हणाला. "नेक्स्ट इयर पण तुम्हीच. पत्री मात्र मी स्कॅन करणार."

दादानं नाक पुसलं आणि पाट पुढे ओढला. उरलेली पत्री, धूप, दीप, नैवेद्य, सगळं झालं. मध्ये मध्ये शिंका आल्या आणि दर शिंकेला तीनशे माणसं "ब्लेस यू" म्हणाली, मागच्या रांगेतल्या नऊवारीतल्या काकूसुद्धा. कुणाला घाई नव्हती.

परतताना मी मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते. "दादा, चुकलं रे माझं," मी म्हटलं.

त्यानं पुढच्या सीटवरून मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "कुंदे, इतकी वर्षं मी म्हणत आलो, तुझ्या पाल्याला गुण नसतो."

"हो."

"शब्द मागे घेतो. भलताच लागू पडतो गं."

आणि तो शिंकला. मी सकाळपासून मोजत होते. "एकोणीस," मी म्हटलं. "विषम आहे."

वहिनींनी गाडी रस्त्याकडेला घेऊन थांबवली. दादानं रुमाल खाली घेतला, मान वर केली, डोळे मिटले, आणि आम्ही तिघं विसाव्या शिंकेची वाट पाहत बसलो.